बत्तिसाव्या सेकंदाला फोन कटतो तेव्हा

फोन लागतो. पलीकडून कुणीतरी नमस्कार करतं, ग्राहक आपला खाते क्रमांक सांगतो, तक्रारीचं पहिलं वाक्य सुरू करतो आणि ते वाक्य अर्ध्यात असतानाच फोन कटतो. ग्राहक चिडून पुन्हा लावतो, पुन्हा नमस्कार, पुन्हा खाते क्रमांक, पुन्हा कट. आवाज कुठे तुटत नाही, खरखर नाही, रेंजचा प्रश्न नाही. सगळं स्वच्छ चालू असताना कुणीतरी कात्री लावावी तसा फोन जातो. घड्याळ लावून पाहिलं तर दर वेळी बरोबर ३२ सेकंद.

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एमपी नगरात, कोचिंग क्लासच्या फलकांमागच्या वरच्या मजल्यांवर हेडसेट लावून बोलणारी माणसं पुष्कळ आहेत. कुठे प्रवेशाची चौकशी, कुठे कर्जाचा हप्ता, कुठे विम्याचं नूतनीकरण. अशा ठिकाणचं नेटवर्क सांभाळणारा एखादा भोपाळचा मराठी मुलगा आपल्या पुण्यातल्या सीनियरला फोन करतो, तेव्हा बोलणं साधारण असं होतं.

“सर, इनकमिंग कॉल ड्रॉप होतायत. टीम लीडर डोक्यावर बसलाय. सर्व्हर रीस्टार्ट मारू का?”

“थांब. कितव्या सेकंदाला कटतायत?”

“बत्तीसच्या आसपास.”

“आसपास नको, नीट बघून सांग. आणि आउटगोइंग?”

“आउटगोइंग मस्त चाललेत. अर्धा अर्धा तास.”

“मग सर्व्हरला हात लावू नकोस. तुमचा राउटर कुणी बदलला ते विचार.”

शे-सव्वाशे माणसांचं काम अडलेलं असताना, सातशे-आठशे किलोमीटरवर बसलेल्या माणसाने एक आकडा ऐकून राउटरवर बोट ठेवलं. यात अंदाजपंचे काहीच नाही. आजच्या टेलिफोन सॉफ्टवेअरमध्ये बिघाड आपली वेळ घेऊन येतो, आणि ती वेळ वाचता आली तर निम्मं काम तिथेच होतं. मला या सगळ्या विषयातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

इंटरनेटवरून जाणाऱ्या फोनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या वाटांनी जातात. एक आवाज. तो २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो. जुन्या, सर्वमान्य पद्धतीत प्रत्येक तुकडा १६० बाइटचा. सेकंदाला असे ५० तुकडे इकडून तिकडे आणि ५० तिकडून इकडे. दुसरी गोष्ट म्हणजे कॉलचा पत्रव्यवहार: फोन लावतोय, वाजतोय, उचलला, ठेवला. हा पत्रव्यवहार ‘सिप’ नावाच्या नियमावलीने चालतो. तिचा सध्याचा मूळ मसुदा जून २००२ मध्ये आरएफसी ३२६१ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला, आणि जगातली बहुतेक कॉल सेंटर आजही त्याच्याच शब्दांत बोलतात.

त्या मसुद्यात एक छोटी औपचारिकता आहे. कॉल सेंटरच्या सर्व्हरने फोन उचलला की तो समोरच्या टेलिफोन कंपनीला ‘२०० ओके’ असा निरोप धाडतो. कंपनीने त्यावर ‘ॲक’ म्हणजे पोच पाठवायची. पोच आली नाही तर सर्व्हर समजतो की आपला निरोपच पोचला नसावा. तो अर्ध्या सेकंदाने पुन्हा पाठवतो, मग एका सेकंदाने, मग दोन, मग चार, आणि पुढे दर चार सेकंदांनी. पहिला धरून अकरा वेळा. तरीही पोच आली नाही तर एका ठरलेल्या क्षणी तो नाद सोडतो आणि कॉल बंद करतो. तो क्षण कोणता? निरोप जाऊन परत यायला अर्धा सेकंद लागेल असं सढळ हाताने धरलेलं आहे, त्याच्या ६४ पट. अर्धा गुणिले चौसष्ट, बत्तीस.

मधल्या वेळात आवाज मात्र दुसऱ्या वाटेने सुखरूप चालू असतो. ३२ सेकंदांत एका दिशेला १६०० आणि दोन्ही मिळून ३२०० आवाजाचे तुकडे आले आणि गेले, माणसं एकमेकांशी बोलली, आणि एक पोच हरवली म्हणून यंत्राने ठरवलं की हा कॉल झालाच नाही. सरकारी कचेरीत उभ्या असलेल्या जिवंत माणसाकडे हयातीचा दाखला मागावा, त्यातलाच हा प्रकार.

आता पोच हरवते कुठे? ऑफिसच्या आतले पत्ते खाजगी असतात, १९२.१६८ ने सुरू होणारे. ते जगभर लाखो इमारतींत तेच असतात. बाहेर जाताना राउटर त्या जागी आपला एकमेव सार्वजनिक पत्ता घालतो; या अदलाबदलीला ‘नॅट’ म्हणतात. पण राउटर बदलतो पाकिटावरचा पत्ता. पाकिटाच्या आत, सिपच्या मजकुरात, सर्व्हरने स्वतःच्या हाताने लिहिलेलं असतं: “पुढचा पत्रव्यवहार १९२.१६८.१.५० या पत्त्यावर करावा.” म्हणजे एमपी नगरच्या झोन टूमधल्या माणसाने दिल्लीला पत्र लिहावं आणि उत्तरासाठी पत्ता द्यावा ‘तिसरा मजला, जिन्याच्या डावीकडची खोली’. टेलिफोन कंपनी इमानदारीने त्या पत्त्यावर पोच धाडते, आणि ती कुठेच जात नाही.

इनकमिंगच का कटतात तेही यातच आलं. बाहेरून फोन आला तर पोच बाहेरून आत यायची असते, ती वाट चुकते. इथून फोन लावला तर पोच इथून बाहेर जायची असते, बाहेरचा पत्ता खरा असतो, त्यामुळे ती नीट पोचते. म्हणून आउटगोइंग ‘मस्त’. अर्थात अगदी मस्त नाही. ग्राहकाने फोन ठेवल्याचा निरोप त्याच खोट्या पत्त्यावर जातो, आणि एजंटच्या पडद्यावर कॉल चालूच दिसत राहतो. हे लक्षण सहसा कुणी सांगत नाही, कारण एजंटला त्यात दोन क्षणांची विश्रांती मिळते.

सर्वांत गमतीचा भाग असा की पुष्कळदा गुन्हेगार असतो तो मदतीला ठेवलेला मदतनीस. अनेक राउटरमध्ये ‘सिप एएलजी’ नावाची सोय आधीपासून चालू असते. तिने पाकीट उघडून आतला पत्ता दुरुस्त करावा ही अपेक्षा. ती कधी अर्धाच दुरुस्त करते, कधी सर्व्हरने आधीच बरोबर लिहिलेला पत्ता बिघडवून ठेवते. जाणकार माणूस राउटर बदलल्याचं कळलं की आधी हीच सोय बंद करायला सांगतो, ते या अनुभवामुळे. नोव्हेंबर २०२० आणि मग जून २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने कॉल सेंटरचे नियम बरेच सैल केले, घरून काम करणं अधिकृतपणे सोपं झालं, आणि तेव्हापासून भोपाळच्या कोलार रोडवरच्या किंवा अयोध्या नगरातल्या फ्लॅटमधला घरगुती राउटरही या साखळीत आला. फ्लोअरवर एक राउटर तपासून भागायचं, तिथे आता एजंटागणिक एक.

बत्तीस हा एकच आकडा असता तर त्याला योगायोग म्हटलं असतं. पण असे आकडे बरेच आहेत.

काही ठिकाणी छोटे कॉल सुरळीत होतात आणि लांबलेले कॉल १५ मिनिटं ३२ सेकंदांना कटतात. काही ठिकाणी २९ मिनिटं २८ सेकंदांना. ही कुणाची खोडी वाटावी, पण यामागे एप्रिल २००५ चा आरएफसी ४०२८ आहे. मुळात प्रश्न होता भुताटकी कॉलचा: एका बाजूची वीज गेली, निरोप न देता यंत्र बंद पडलं, आणि दुसरी बाजू तो कॉल जिवंत धरून बसली. उपाय असा ठरला की दोघांनी मधूनमधून ‘आहेस ना?’ असं विचारायचं. नेहमीची मुदत १८०० सेकंदांची, आणि विचारायचं ते तिच्या निम्म्यावर, ९०० व्या सेकंदाला. ज्याच्याकडे विचारायचं काम आहे त्याने पंधराव्या मिनिटाला विचारलं, उत्तर आलं नाही, त्याने ३२ सेकंद वाट पाहिली आणि कॉल संपवला, तर होतात १५ मिनिटं ३२. दुसऱ्या बाजूकडे प्रश्न पोचलाच नाही, तर ती बाजू मुदत संपायच्या ३२ सेकंद आधी आवरतं घेते: ३० मिनिटांतून ३२ सेकंद वजा, २९ मिनिटं २८. म्हणजे घड्याळ नुसता आजार सांगत नाही, कोणत्या बाजूने हात टेकले तेही सांगतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी शांतपणे कागदावर वजाबाकी पुन्हा करून पाहिली होती.

आवाज सोडा, एजंटच्या पडद्यावरच्या ग्राहकनोंदीच्या सॉफ्टवेअरलाही स्वतःची घड्याळं आहेत. एक तक्रार अशी येते: “सकाळी सगळं ठीक असतं, जेवून आलं की पहिल्या ग्राहकाची नोंद उघडतच नाही, पडदा गोठतो, आणि पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू होतं.” ऐकणाऱ्याला वाटतं, जेवणानंतर माणसं सुस्तावतात तसं यंत्रही. खरं कारण दोन विसंगत मुदतींत असतं. ऑफिसच्या सीमेवरचं फायरवॉल एखादी जोडणी तासभर गप्प राहिली की ती विसरून जातं. ‘एक तास’ ही पुष्कळ फायरवॉलची नेहमीची मुदत. इकडे लिनक्स सर्व्हर गप्प पडलेली जोडणी जिवंत आहे का हे तपासतो दोन तासांनी, कारण १९८९ च्या एका इंटरनेट मानकात दोन तासांच्या आत तपासू नये असं सुचवलेलं आहे. दोन आणि एक यांमधल्या त्या एका तासात दोन्ही टोकांना जोडणी शाबूत वाटते, आणि मधला पहारेकरी तिला ओळखत नाही.

मग पंधरा मिनिटं कुठून आली? लिनक्स हरवलेला डेटा वाढत्या अंतराने १५ वेळा पुन्हा पाठवून पाहतो, आणि तो हात टेकेपर्यंत कमीत कमी ९२४.६ सेकंद जातात, म्हणजे साडेपंधरा मिनिटांना जरा कमी. तेवढा वेळ पडदा गोठलेला. मग जुनी जोडणी मोडते, नवी जुळते, आणि आयटीवाला येईपर्यंत सगळं सुरळीत. तो म्हणतो, “चालू आहे की!” आणि एजंटच खोटा पडतो.

हे सगळे ठरलेल्या वेळेचे बिघाड. जिथे वेळ ठरलेली नसते, कधी १० सेकंद, कधी तीन मिनिटं, आणि त्रास सकाळी अकराला होतो पण दुपारी तीनला होत नाही, तिथे सॉफ्टवेअर उघडून बसण्यात अर्थ नसतो. तिथे गर्दी असते. गर्दीचं गणित मांडलं ते आग्नर क्रारुप एर्लांग या डॅनिश गृहस्थाने. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत तो नोकरीला होता, १९०९ मध्ये त्याने या विषयावरचा पहिला निबंध प्रसिद्ध केला, आणि १९१७ मध्ये ती सूत्रं दिली जी आजही प्रत्येक कॉल सेंटरच्या वेळापत्रकामागे असतात.

त्याचं गणित एकदा स्वतः करून पाहण्यासारखं आहे. तासाला १०० फोन येतात, प्रत्येक सरासरी तीन मिनिटांचा. म्हणजे तासाला ३०० मिनिटांचं काम, पाच माणसांचं. पाच एजंट बसवले तर? हिशेब जुळतो, पण रांग वाढतच जाते, कारण फोन सारख्या अंतराने येत नाहीत आणि रिकामा गेलेला क्षण परत मिळत नाही. सहा बसवले तर सरासरी वाट १०६ सेकंद. सात बसवले तर २९. आठ बसवले तर १०. सहाव्यावर दोन माणसं वाढली आणि वाट दहाव्या हिश्शाच्याही खाली गेली! उलट बाजूने पाहा: सात जणांच्या फ्लोअरवर दोघं एकदम चहाला उठली की टीम लीडर ओरडतो, “सर्व्हर स्लो झालाय.” सर्व्हर बिचारा आपल्या गतीनेच चाललेला असतो.

भोपाळमध्ये फोनच्या रांगेपलीकडेही मुदतींचा हा खेळ चालतो. मध्य प्रदेशची मुख्यमंत्री हेल्पलाइन, क्रमांक १८१, भोपाळमधून २०१४ पासून चालते. तिथे नोंदवलेल्या तक्रारीला चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीत निकाल लावला नाही तर सॉफ्टवेअर ती तक्रार आपणहून वरच्या अधिकाऱ्याकडे सरकवतं. सिपमधला टायमर इथे माणसांना लावलाय, आणि तो सेकंदांऐवजी दिवस मोजतो एवढाच फरक.

पण घड्याळावर एवढी भिस्त ठेवायची तर घड्याळं एकमेकांशी जुळायला हवीत, आणि खरी डोकेदुखी इथे सुरू होते. टेलिफोन सर्व्हर, फायरवॉल, राउटर, प्रत्येकाची आपापली नोंदवही असते. एक भारतीय वेळ लिहितं, दुसरं जागतिक वेळ. भोपाळात सकाळचे साडेअकरा तिथे सहा. एवढं तरी लक्षात येतं. तिसऱ्याचं घड्याळ ४० सेकंद मागे असलं तर ३२ सेकंदांच्या बिघाडात कारण आधी की परिणाम आधी हेच कळत नाही. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने दिलेल्या निर्देशांनी हे बंधनकारक केलं: यंत्रांची घड्याळं राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा, आणि नोंदी १८० दिवस जपा. छोट्या कार्यालयांत डिस्क भरली की सगळ्यात आधी उडवल्या जातात त्या या नोंदीच, हे वेगळं सांगायला नको.

एमपी नगरात बसून वेळेबद्दल बोलताना उज्जैन आठवल्याशिवाय राहत नाही. जुन्या भारतीय ज्योतिषगणिताची मूळ रेखा तिथून जाते. सवाई जयसिंगाने तिथे वेधशाळा उभारली, आणि ती मोडकळीला आल्यावर १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. उज्जैनपेक्षा भोपाळला सूर्य सुमारे साडेसहा मिनिटं आधी माथ्यावर येतो. रेल्वे आणि तारखातं येण्याआधी या साडेसहा मिनिटांनी कुणाचंही अडलं नसतं. आता नोंदवहीत साडेसहा मिनिटांचा फरक पडला तर तेवढ्यात बत्तीस सेकंदांचे बारा कॉल कटलेले असतात.

शेवटी ‘रीस्टार्ट मारू का?’ याबद्दल. रीस्टार्टने पुष्कळदा काम होतं, त्यात पाप काही नाही. पण मोजत चाललेली सगळी घड्याळं त्याने शून्यावर येतात आणि पुरावा पुसला जातो. शिवाय काही बिघाड असे असतात की त्यांच्या लेखी रीस्टार्ट हाच मोजणीचा आरंभ असतो. १४ सप्टेंबर २००४ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या पामडेल इथल्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राची आवाजाची यंत्रणा एकाएकी बंद पडली. सुमारे ४०० विमानांशी बोलणं तुटलं, आणि राखीव यंत्रणाही लगोलग कोसळली. कारण होतं एक मोजणी. यंत्रणा सुरू झाल्यापासूनचा वेळ मिलिसेकंदांत मोजला जायचा, आणि त्यासाठी ३२ द्विमान अंकांची जागा होती. तिच्यात मावतात ४,२९,४९,६७,२९६ मिलिसेकंद. म्हणजे ४९ दिवस, १७ तास आणि तीनेक मिनिटं. दर ३० दिवसांनी यंत्रणा हाताने रीस्टार्ट करायची असा नियम होता. त्या वेळी ते राहून गेलं.

हाच दोष विंडोज ९५ मध्येही होता: ४९.७ दिवस झाले की यंत्र गोठायचं. विंडोज बाजारात आली १९९५ मध्ये आणि दोषाची दुरुस्ती आली १९९९ मध्ये. एवढी वर्षं तो कुणाच्या लक्षात कसा आला नाही, याचं जुने आयटीवाले हसत हसत एकच उत्तर देतात: पन्नास दिवस न अडकता चाललेली विंडोज ९५ तोपर्यंत कुणी पाहिलीच नव्हती.